ओटीचा नारळ आणि डोंगरातलं रानडुक्कर

केतकीचा फोन आला तेव्हा मी डाळीला फोडणी देत होते. "आई, ईस्टरच्या सुट्टीत टामाच्या घरी जायचंय. तू आणि बाबा, दोघांनी. त्याच्या आईनं बोलावलंय."

"म्हणजे बघण्याचा कार्यक्रम का?"

"बघून आमचं झालं. तुम्ही हो म्हणायचं राहिलंय." मग जरा थांबून म्हणाली, "नाही म्हणालात तर मी थांबेन, आई. पण किती थांबेन ते मला माहीत नाही."

केतकी आमची धाकटी. वेलिंग्टनला शिकायला आली आणि तिथेच नोकरीला लागली. टामा तिच्याच ऑफिसातला, माओरी मुलगा. आम्ही दोघं मोठ्या मुलाकडे, ऑकलंडच्या माउंट रॉस्किलला राहतो. टामा एकदा घरी येऊन वरण-भात खाऊन गेला होता. मुलगा चांगला वाटला. पण मुलगा चांगला असणं आणि घर जुळणं या दोन गोष्टी आहेत.

"आणि अजून एक सांगून ठेवते," केतकी म्हणाली. "त्याची आई डुकरं मारते."

"पाळते का?"

"पाळत नाही. रानातली. बंदुकीनं."

फोडणी करपली.

आमच्या ह्यांना विचारलं तर म्हणाले, "जाऊन तर येऊ. बंदूक डुकरांसाठी आहे, आपल्यासाठी नाही." ह्यांचं सगळं असंच. मी मात्र मनात ठरवलं की डोळ्यांनी बघायचं आणि मगच तोंड उघडायचं. तरीही ओटाहुहूच्या दुकानात चार नारळ हलवून एक घेतला, खण काढला, हळदकुंकवाच्या पुड्या बांधल्या. होकार द्यायचा झालाच तर तिथल्या तिथे विहिणीची ओटी भरता यावी, पुन्हा तेवढं पेट्रोल कोण जाळणार.

तुमच्यापैकी कोणाला त्या बाजूला जायचं असेल तर सांगते. ऑकलंडहून दक्षिणेला हॅमिल्टनपर्यंत रस्ता मोठा आणि सपाट. पुढे 'ते कुइती' नावाच्या गावानंतर वळणं सुरू होतात आणि दोन्हीकडे मेंढ्यांनी चरून गुळगुळीत केलेले डोंगर. तौमारुनुई आलं की पेट्रोल भरून घ्या, कारण पुढे आम्हाला पंप दिसला नाही. गुड फ्रायडेला जवळपास सगळी दुकानं बंद असतात. आमच्या डब्यात दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि थर्मासात चहा होता, त्यामुळे आमचं काही अडलं नाही. शेवटचा रस्ता खडीचा आहे, गाडी हळू घ्या. राहायला टामाचंच घर होतं, म्हणून मोटेलचा खर्च वाचला.

घर म्हणजे पत्र्याच्या छपराचं, लाकडी, लांबट. केतकी आणि टामा वेलिंग्टनहून आधीच पोचले होते. टामाची आई अरोहा दारात उभी. माझ्याच वयाची, पण खांदे पुरुषासारखे. "किया ओरा" म्हणाली आणि माझ्या कपाळाला कपाळ, नाकाला नाक टेकवून क्षणभर तशीच राहिली. हे त्यांचं भेटणं. विहिणीनं नाकाला नाक लावल्याचं आमच्या सात पिढ्यांत कोणी ऐकलं नसेल. मी अंग चोरलं, आणि ते तिला कळलं असणार.

मागे शेड होती. तिच्या भिंतीवर डुकरांचे खालचे जबडे ओळीनं टांगलेले, सुळ्यांसकट. खाली साखळीला एक कुत्रा, नाव बॉस, कान फाटलेले. मी दोन पावलं मागे सरले.

संध्याकाळी मी माझ्या दशम्याच खाल्ल्या. अरोहानं माझ्या डब्याकडे एकदा पाहिलं. आपण निदान भांडी पुसावीत म्हणून मी उठले, पुसली, आणि ओलं फडकं नेऊन कपड्यांच्या टोपलीत टाकलं. अरोहाची आई, तिला सगळे नॅन म्हणतात, खुर्चीतून उठली. टोपलीतून ते फडकं काढलं, वेगळ्या बादलीत टाकलं आणि काहीतरी पुटपुटत परत बसली.

"काय म्हणाली गं?" मी केतकीला विचारलं.

"म्हणाली, ताट पुसायचं फडकं आणि अंगातले कपडे एकत्र धुवायला ही कुठे शिकली?"

म्हणजे मला. जिनं आयुष्यभर देवाची भांडी वेगळी घासली, तिला सोवळं शिकवायला बंदूकवाल्यांच्या घरातली म्हातारी. हे मिशीत हसत होते. "भेटली बघ तुझ्या तोडीची." मला हसू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी टामानं आम्हाला धबधब्याकडे नेलं. वाट घरामागूनच जंगलात शिरते. चढ बेताचा आहे, आमच्या वयाची माणसं सावकाश जाऊ शकतात. बूट मात्र पकड असलेले हवेत आणि शिकारीच्या भागात भडक रंगाचे कपडे घालावेत. माझ्या साडीवर केतकीनं नारिंगी जाकीट चढवलं होतं. झाडाएवढे नेचे, शेवाळ, आणि पाखरांचा आवाज इतका जवळून की वळून बघावं.

अर्ध्या वाटेवर जमीन एकदम नांगरल्यासारखी. मुळं उघडी पडलेली, माती ओली.

"डुकरांचं काम, आंटी," टामा म्हणाला. "मुळं खातात, किडे खातात, जमिनीवर घरटं करणाऱ्या पक्ष्यांची अंडी खातात. ती मुळात इथली नाहीत. बाहेरून आलेल्या लोकांनी आणली."

"आम्हीपण बाहेरूनच आलोय," हे म्हणाले.

"तुम्ही अजून काही उकरलं नाही, अंकल."

तेवढ्यात नेचांमध्ये खसखस झाली आणि टामानं हात आडवा केला. "हलू नका."

वाटेवर रानडुक्कर उभं होतं. काळं, मानेवरचे केस ताठ, नाकाला माती, दोन पांढरे सुळे. आमच्यापासून हाकेच्या अंतरावरही नाही, त्याहून जवळ. माहेरी, राजापूरकडे, मी रानडुकरं पाहिली होती, पण शेताच्या पलीकडून, माणसांच्या आरड्याओरड्यातून. हे शांत होतं. बघत होतं. माझ्या तोंडात वराहाचं नाव आलं. विष्णूचा तिसरा अवतार, ज्यानं सुळ्यांवर पृथ्वी उचलली, तो असाच दिसला असेल का? ते फुरफुरलं, वळलं आणि उतारानं निघून गेलं.

(कोणाला दिसलंच तर पळू नका. त्याला जायला वाट द्या. पिल्लं बरोबर असतील तर मध्ये येऊ नका. हे टामानं सांगितलं, मी फक्त लिहितेय.)

"मॉमला सांगायला हवं," टामा म्हणाला. त्याचा चेहरा उजळला होता. अवताराला पाहून यांना बंदूक आठवते, हे माझ्या मनात आलं आणि माझं सगळं ठरून गेलं.

धबधब्यापाशी तिघं पाण्याकडे उतरली. मी गुडघ्याचं कारण सांगून वरच थांबले. एका मोठ्या झाडाच्या बुंध्याशी जागा झाडली. पिशवीतला ओटीचा नारळ काढला, कारण ओटी आता भरायची नव्हती. दगडावर फोडला, अर्धी वाटी गुळाच्या खड्यासकट देवापुढे ठेवली, अर्धी प्रसाद म्हणून पिशवीत. हळदकुंकू वाहिलं. आणि मागितलं, हे जमू देऊ नकोस. मोडायचं तर तू मोड, माझ्या तोंडून नको.

देवापुढचं उचलून परत न्यायचं नसतं. नैवेद्य तिथेच ठेवून मी वाटेवर येऊन त्यांची वाट बघत थांबले.

रविवारी सकाळी जाग आली तेव्हा अरोहा रानातून परत येत होती. पाठीवर डुक्कर, पुढचे-मागचे पाय बांधून दप्तरासारखं अडकवलेलं. बॉस पुढे, जीभ बाहेर. तिनं ते शेडपाशी उतरवलं आणि आधी त्याच्या मानेवर हात ठेवून डोळे मिटून काहीतरी म्हटलं. मग कुत्र्याला पाणी पाजलं. मग स्वतः प्यायली.

"कुठे मिळालं?" टामानं विचारलं.

"धबधब्याच्या वरच्या झाडाखाली. खाण्यात इतकं गुंतलं होतं की बॉसचीही चाहूल लागली नाही." तिनं खिशातून काहीतरी काढून पुढे धरलं. करवंटी होती, आणि तिच्या कडेला कुंकू.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. रानात करवंटीला कुंकू दुसरं कोण लावणार.

"नैवेद्य दाखवला देवाला, पोचला डुकराला," हे हळूच म्हणाले. नंतर त्यांनाही बरं वाटलं नाही.

मी माझ्या मोडक्या इंग्रजीत अरोहाला म्हणाले, "ती माझी. देवासाठी ठेवली होती. मला ते मरायला नको होतं."

ती रागावली, पण आवाज चढवला नाही. "रानात खाणं ठेवायचं नाही. उंदीर येतात, घुशी येतात, ही येतात. पाखरं मरतात. पुन्हा नको."

"नाही ठेवणार."

मग ती माझ्याजवळ येऊन बसली. "पण आमच्या घरात एक रीत आहे. माग ज्यानं काढला, मागचा पाय त्याचा. आज तो तुझा."

केतकीनं घाईघाईनं सांगितलं, "आई खात नाही गं."

"मी खा म्हटलं नाही. तिचा आहे म्हटलं."

मी जागच्या जागी बसले. कारण आमच्या गावातही हीच रीत होती. डुक्कर पडलं की वाटे घालायचे. पहिला देवाचा, मग माग काढणाऱ्याचा, बार टाकणाऱ्याचा, आणि कुत्र्याचासुद्धा. वडील वाटा घेऊन आले की आई अंगणात तीन दगडांची चूल मांडायची, घरातल्या चुलीवर नाही. भांडं वेगळं. मी तेव्हा पोटभर खात असे. गुरूंचा अनुग्रह घेतल्यावर मांस सोडलं, आता रांधून घालते, खात नाही. पण आलेला वाटा परत केलेला माझ्या घरात मी कधी पाहिला नाही.

उकळतं पाणी ओतून अरोहानं केस खरवडले. आमच्याकडे गवताच्या आगीवर भाजत. मी लांबून बघत होते, मग जवळून. शेवटी म्हणाले, "चूल बाहेर मांडू का?"

केतकी माझ्याकडे बघतच राहिली.

कांदे होते. मसाला मी भेट म्हणून आणलेला होता. वाटणाला खोबरं हवं. ईस्टरचा रविवार, दुकानं बंद, आणि दुकान उघडं असतं तरी तिथे डब्यातलं नारळाचं दूधच मिळणार. पिशवीत हात घातला तर अर्धी वाटी हाताला लागली.

ती वाटी मी बराच वेळ हातात धरून बसले. तिचा जोडीदार ज्याच्या पोटात गेला, त्याच्याच रश्श्यात ती घालायची. हे पाप की प्रसाद, मला ठरवता येईना. आजही येत नाही. शेवटी निखाऱ्यावर भाजली आणि पाट्याऐवजी टामाच्या मिक्सरला वाटली.

चाखता येत नव्हतंच. पण नैवेद्याचा स्वयंपाक आपण कधी चाखतो? तेवढ्याच अंदाजानं मीठ घातलं.

पहिली वाटी नॅनला नेली. घरातल्या सर्वांत मोठ्या माणसाला आधी, एवढंच माझ्या डोक्यात. अरोहा मात्र थबकली. नंतर केतकीनं सांगितलं की त्यांच्यातही पहिला वाटा स्वतः न खाता थोरांना द्यायचा असतो.

नॅननं एक तुकडा खाल्ला, दुसरा खाल्ला, हाड चोखलं.

"मीठ कमी आहे," ती म्हणाली, आणि वाटी पुढे केली. "अजून."

जेवायला बसलो तेव्हा अरोहानं माझ्यासमोर झाकलेलं भांडं ठेवलं. आत कुमारा, म्हणजे त्यांचं रताळं, आणि बटाटे. "नवीन भांडं आहे. यात कधी मांस शिजलेलं नाही. शुक्रवारपासून तुझ्यासाठी ठेवलंय." शुक्रवारी मी माझा डबा उघडून बसले होते, तेव्हापासून. तिनं डोळे मिटून प्रार्थना म्हटली. मी माझा जेवणाआधीचा श्लोक मनात म्हटला. दोन्ही साधारण एकदमच संपले.

कुमारा गोड होता. मी दोनदा मागून घेतला.

जेवण झाल्यावर मी खण आणि कुंकू घेऊन अरोहापुढे उभी राहिले. ओटीत तांदूळ घातले. नारळाच्या जागी काय घालू म्हणून बघितलं आणि भांड्यातला उरलेला एक कुमारा ठेवला. केतकी रडायला लागली. टामानं विचारलं, "काय झालं? हे चांगलं आहे ना?"

"स्वीट अ‍ॅज," हे म्हणाले, म्हणजे इकडच्या बोलीत 'एकदम झकास'. इथल्या सहा वर्षांत एवढं शिकलेत.

निघताना अरोहानं बागेतले कुमारा एका फडक्यात बांधून दिले. या वेळी मी नाक पुढे केलं.

घरी येऊन खर्च मांडला, तर पेट्रोल सोडून लिहिण्यासारखं फारसं नव्हतं. राहिलं ते डुक्कर. रोज पूजेला बसते तेव्हा ते डोळ्यांपुढे येतं, मातीनं भरलेलं नाक, तसंच शांत. मी मागितलं ते देवानं दिलं नाही. न मागता काय दिलं, आणि कोणाच्या जिवावर, त्याचा हिशेब मी अजून लावते आहे.

हे सगळं लिहून झाल्यावर आधी केतकीला पाठवलं. देवापुढे काय मागितलं होतं ते तिला माझ्याकडूनच कळायला हवं. तिचा फोन आला. "मला तेव्हाच कळलं होतं, आई. पाण्यावरून वर आलो तेव्हा तुझी पिशवी हलकी झाली होती. ओटीचा नारळ तू उगाच फोडणार नाहीस."

"मग बोलली का नाहीस?"

"तू उरलेला अर्धा काढशील का, ते बघत होते."

कुमारा संपले. फडकं आज धुतलं. सून मशीन लावत होती, म्हणाली, "आई, द्या ना, यातच टाकते."

मी नको म्हटलं. बादलीत वेगळं धुतलं.