मास्कच्या डब्यातल्या तबकड्या

युद्धाच्या दिवसांत रियाधला भोंगा वाजला की आमची अख्खी इमारत तळघरात उतरायची. कंपनीने दिलेला गॅस मास्कचा डबा प्रत्येकाच्या हातात असायचा. वरच्या मजल्यावर रत्नागिरीकडचे एक गृहस्थ राहायचे. त्यांच्या डब्यातून मात्र फडक्यात गुंडाळलेल्या लोखंडी तबकड्या निघायच्या. जुन्या जपानी तलवारींना, हाताला पातं लागू नये म्हणून मुठीपाशी बसवतात तशा. जहाजावर नोकरीला असताना जपानच्या बंदरांतून त्यांनी त्या हौसेने जमवल्या होत्या. मास्क घरी कपाटात. डब्यात दोन्ही मावत नाहीत, म्हणायचे.

बाहेर काहीही चालू असो, ते शेजारी सरकून एक तबकडी माझ्या हातावर ठेवत. "मधल्या भोकाची कड बघा. छिन्नीचे घाव आहेत ना? म्हणजे ही तलवारीवर चढलेली. पातं घट्ट बसावं म्हणून ठोकतात. ही दुसरी गुळगुळीत, नुसती शोभेची."

एकदा मी वैतागलो. "अहो, खरंच गॅस आला तर काय करणार?"

"तुम्हाला मास्क आहे ना? मग ह्या तुम्ही न्यायच्या," ते फडकं झटकत म्हणाले. "उगाच का शिकवतोय रोज?"

मी हातातली तबकडी दिव्याकडे धरून पुन्हा नीट बघितली.