मशीन भिजता कामा नये

डिचोलीच्या आमच्या दवाखान्यात मी छातीला चोवीस तासांचं मशीन बांधते. काडेपेटीहून थोडं मोठं, पाच वायरी. हृदय दिवसा कसं चालतं, रात्री कसं चालतं, ते हे टिपतं. सोबत एक कागद. कोणत्या वेळी आपण काय करत होतो, ते पेशंटनं त्यावर लिहायचं. एवढं साधं काम! पण बारा वर्षांत असे किस्से साचलेत की कोणाला सांगितले नाहीत तर मलाच मशीन बांधावं लागेल.

आमच्या डॉक्टरीणबाई प्रत्येकीला सांगतात, "रात्री हृदय संथ व्हायला हवं. पाळी जायच्या वयात काहींचं ते नीट होत नाही, धडधडून जाग येते. ढोंग नव्हे ते." बायका मान डोलावतात. सोबतचे पुरुष भिंतीवरचं कॅलेंडर वाचतात.

*

कारापूरच्या एका बाईंचा कागद नवऱ्यानं सुवाच्य अक्षरात भरून आणला. 'पहाटे पाच ते रात्री दहा : घरीच होती.' मशीन म्हणत होतं, सकाळी साडेसहाला ठोके एकशे तीस!

तेव्हा काय करत होता, मी बाईंना विचारलं.

"गुरांक चारो घातलंय, पाणी काढलंय, सासऱ्यांक न्हाणयलंय."

मग कागदावर का नाही?

"हे तेवा निजलेले."

*

मोपाच्या नव्या विमानतळाजवळच्या एकीला रात्री घामानं भिजून जाग यायची. सासूचं निदान तयार होतं. "विमानां सुरू झाली आणि हिची झोप गेली."

एकाच भिंतीला लागून दोघींच्या खोल्या. मी विचारलं, तुमची झोप गेली का?

"माझी कित्याक जातली? मी सकाळी सातांक उठतंय."

*

पुरुषाला धडधडलं तर चौघं त्याला उचलून आणतात. एकाला असाच आणला, शेजाऱ्याच्या गाडीतून. सकाळी मिरचीची सहा भजी झाली होती, त्याचा गॅस! दवाखान्यातल्या बाकावर दोन बस बदलून एकटी आलेली एक बाई बसली होती. महिनाभर धडधडत होतं तिला. तिनं उठून त्याला जागा दिली. मला तिचाही राग आला.

*

सर्वणच्या सुनंदाताई, वय बावन्न. नवरा खनिजाच्या ट्रकवर. आल्या आल्या मला म्हणाला, "हिका कायएक जावक नाय, बाय. कामाचो कंटाळो."

मी नेहमीची सूचना दिली : मशीन भिजता कामा नये, घामही फार नको. घरच्यांनी ती भलतीच मनावर घेतली. सासूनं चूल सांभाळली, लेकानं कपडे धुतले, नवऱ्यानं पाणी भरलं. रात्री पंखासुद्धा सुनंदाताईंच्या बाजूला!

रिपोर्ट एकदम स्वच्छ आला. "सांगलंय मां?" म्हणत नवरा खुशीत गाडी काढायला गेला. सुनंदाताईंचे डोळे भरले. आता जन्मभर त्यांच्यावर कोणी विश्वास ठेवणार नव्हतं. त्यांनी माझा हात धरला.

"बाय, परत बांध. ह्या वेळेक घरात सांगा नको."

डॉक्टरीणबाईंनी होकार दिला. दुसऱ्या दिवशी ब्लाउजच्या आत, पदराखाली मी मशीन बांधलं. आंघोळीला एक दिवस सुट्टी.

या खेपेला सकाळभर ठोके पळत होते आणि रात्रीही उतरले नव्हते. पहाटे तर दोनदा ताल चुकला होता. डॉक्टरीणबाईंनी नवऱ्याला बोलावून दोन्ही रिपोर्ट टेबलावर शेजारी शेजारी मांडले.

त्यानं बराच वेळ दोन्ही निरखले. मग पहिल्यावर बोट ठेवलं.

"ह्याच्यापरास पयला मशीन बरा होता."