मार्जिनसरांनी तपासलेल्या फायली

मार्जिनसर फाईल तपासायला घेतात तेव्हा सगळ्यात आधी खिशातून सहा इंची पट्टी काढतात. डावीकडचं मार्जिन बरोबर एक इंच आहे की नाही, हे मोजतात. एखाद्या पोराने पाऊण इंच सोडलं असेल तर फाईल टेबलावरून सरळ जमिनीवर. "उचल, आणि नवीन लिहून आण." मार्जिन जमलं की अनुक्रमणिका, मग कव्हरचा कागद, मग आकृत्या पेन्सिलीने आणि मजकूर निळ्या शाईने आहे ना, एवढं बघून सही ठोकायची. त्या निळ्या शाईत लिहिलंय काय, हे त्यांनी बावीस वर्षांत एकदाही वाचलेलं नाही. हे मी छातीठोकपणे सांगते, कारण बावीस वर्षं माझं टेबल त्यांच्या टेबलासमोर आहे.

सर शिकवतात सर्वेक्षण, म्हणजे जमीन मोजायची विद्या. इंजिनियर होणाऱ्या पोरांनी यंत्र घेऊन उन्हात उभं राहायचं, जमिनीचे चढउतार मोजायचे, आकडे लिहायचे, अशी अपेक्षा. मी शेजारच्या खोलीत काँक्रीट शिकवते. विभागातल्या परीक्षांचं लचांडही माझ्याच गळ्यात आहे.

माणूस वाईट असता तर बरं झालं असतं, खुशाल बोटं मोडता आली असती. सर वेळेवर येतात, कुणाचं फुकट घेत नाहीत, पोरींशी अदबीने बोलतात. वीस वर्षांत एकदाही रजा न टाकल्याबद्दल त्यांचा सत्कार झाला, तेव्हा भाषणात त्यांनी सांगितलं, "मी मूल्यमापनाच्या बाबतीत अत्यंत काटेकोर आहे." सरांची बायको, आमच्या वहिनी, माझ्या शेजारीच बसल्या होत्या. त्या कानाशी लागून म्हणाल्या, "घरी पडदे शिवायचे होते, तर ह्यांनी त्या पट्टीने दोन दिवस खिडकी मोजली. पडदे वीतभर आखूड झाले." आम्ही दोघी तोंडात रुमाल कोंबून हसलो. मग सगळ्यांबरोबर टाळ्याही वाजवल्या.

सरांच्या विषयातला पहिला प्रयोग असा. फाटकाजवळच्या दगडापासून सुरुवात करायची, अंगणातल्या अकरा ठिकाणांची उंची मोजायची आणि शेवटचा, अकरावा आकडा सायकल शेडच्या पायरीचा घ्यायचा. हा प्रयोग सर स्वतः इथे विद्यार्थी होते तेव्हापासून चालत आलाय. त्यांची तेव्हाची फाईल प्रयोगशाळेत काचेच्या कपाटात ठेवलेली आहे, नमुना म्हणून. पोरं ती बाहेर काढतात, फोटो घेतात आणि घरी पंख्याखाली बसून उतरवून काढतात. दरवर्षी त्रेसष्ट पोरांच्या त्रेसष्ट फायलींत अकराच्या अकरा आकडे सारखे, दशांश चिन्हानंतरच्या तिसऱ्या घरापर्यंत. आणि ती सायकल शेड पाडून नऊ वर्षं झाली. तिथे आता लिफ्ट असलेली नवी इमारत उभी आहे. नऊ वर्षं आमची पोरं नसलेल्या पायरीची उंची मिलिमीटरमध्ये मोजतायत आणि सर त्यांना पंचवीसपैकी बावीस देतायत. वर्षाअखेरीस "विद्यार्थी कितपत शिकले" असा एक तक्ता भरावा लागतो, त्यात आमच्या विभागाला तीनपैकी दोन पूर्णांक आठ मिळतात. प्राचार्य तो आकडा येईल त्या पाहुण्याला ऐकवतात.

या वर्षी एका मुलीने घोळ घातला. तिने मोजलं.

वडील फरशी बसवायचं काम करणारे. लहानपणापासून त्यांच्या हाताखाली पाण्याची नळी धरून खोल्यांची पातळी बघितलेली पोरगी. तिला वाटलं असावं की प्रयोग म्हणजे प्रयोग. प्रयोगशाळेतून रीतसर यंत्र घेऊन तिने मैत्रिणीच्या हातात आकड्यांची उंच पट्टी दिली आणि सकाळभर उन्हात उभी राहिली. आकडे नमुन्याशी जुळेनात, तेव्हा घाबरून वडिलांची नळी आणली आणि पुन्हा तपासलं. तिचेच बरोबर निघाले. मधल्या काळात अंगणाला दोनदा काँक्रीट घातलंय, जमीन जवळजवळ वीतभर वर आलीय. अकराव्या ओळीत तिने लिहिलं, "शेड जागेवर नाही, मोजता आले नाही."

सरांनी तिला पंचवीसपैकी सात दिले. पास व्हायला दहा लागतात.

ती फाईल घेऊन माझ्याकडे आली. तिला रस्त्याच्या कामावर नोकरी लागली होती, नेमकी जमीन मोजायचीच. सोमवारपर्यंत अंतिम गुणपत्रक दाखवलं नाही तर ती जागा दुसऱ्याला जाणार होती. तो दिवस शुक्रवार होता.

"मॅडम, माझं चुकलं कुठे, तेवढं सांगा."

मी फाईल घेऊन सरांपुढे उभी राहिले. म्हटलं, "सर, हिचे आकडे बरोबर आहेत."

"जुळत नाहीत, मॅडम."

"कशाशी जुळत नाहीत?"

"नमुन्याशी. आणि एक ओळ तर कोरीच सोडलीय."

"अहो, शेड पाडली ना!"

सर शांतपणे म्हणाले, "ते बांधकाम खात्याने बघायचं. प्रयोग मी बदललेला नाही."

माझं डोकंच फिरलं. त्यांच्या हाताला धरायचंच काय ते बाकी ठेवलं, पण त्यांना अंगणात घेऊन गेले. मुलीने यंत्र आणलं, तिपाई उभी केली. "सर, तुम्हीच बघा आता," मी म्हणाले, "पहिलाच आकडा घ्या. जुळला तर मी तिला माफी मागायला लावते."

सर यंत्राजवळ गेले. यंत्र पातळीत आलंय की नाही, हे त्यातल्या छोट्या बुडबुड्यावरून कळतं. तो मधोमध आणायचा असतो, त्यासाठी खाली तीन स्क्रू असतात. सरांनी एक स्क्रू पिळला, बुडबुडा डावीकडे पळाला. दुसरा पिळला, तो उजवीकडच्या कडेला जाऊन चिकटला. पाच मिनिटं हा पाठशिवणीचा खेळ चालला. व्हरांड्यातली पोरं एकमेकांना कोपराने ढोसायला लागली. मग बुडबुड्याचा नाद सोडून सरांनी दुर्बिणीला डोळा लावला.

"काच खराब झालीय," ते म्हणाले. "काहीच दिसत नाही."

मुलगी पुढे झाली आणि तिने दुर्बिणीच्या तोंडावरचं झाकण काढलं. मग दोन्ही अंगठ्यांनी दोन स्क्रू एकाच वेळी आतल्या बाजूला फिरवले, तिसरा जरासा हलवला, आणि बुडबुडा निमूटपणे मधोमध येऊन बसला. "आता बघा, सर."

सरांनी बघितलं. बराच वेळ बघितलं. मला शपथेवर वाटतं की ते आयुष्यात पहिल्यांदा त्या दुर्बिणीतून काहीतरी बघत होते. चेहरा उतरला होता. मान वर न करताच त्यांनी हळू आवाजात मला सांगितलं, "आमच्या वेळी आकडे दुसराच घ्यायचा. मी पट्टी धरायचो." क्षणभर मला त्यांची दया आली. क्षणभरच.

कारण डोळा काढल्यावर ते मुलीला म्हणाले, "तुझा आकडा बरोबर असेल गं. पण फाईल चूक आहे."

प्रकरण प्राचार्यांकडे गेलं. मी तावातावाने सगळं सांगितलं. प्राचार्यांनी चष्मा पुसत ऐकलं आणि एकच प्रश्न विचारला, "हिला आपण बरोबर म्हटलं, तर बाकीचे बासष्ट कोण?" मी म्हणाले, "नकलाकार." ते म्हणाले, "आणि मागची नऊ वर्षं? पुढच्या महिन्यात तपासणी समिती येतेय, मॅडम. आपला दोन पूर्णांक आठचा आकडा त्यांच्यापर्यंत गेलाय. चौकशी लागली तर सगळ्यांचेच निकाल अडकतील, हिचाही." मग मुलीकडे वळून अगदी मायेने म्हणाले, "बेटा, नमुन्याप्रमाणे एक फाईल लिहून दे. तासाभराचं काम. आजच गुणपत्रक देतो."

मुलीने माझ्याकडे बघितलं. आता मॅडम भांडतील, असं तिच्या तोंडावर स्वच्छ लिहिलेलं होतं. इतकी वर्षं मी स्टाफरूममध्ये नाकाने कांदे सोलत आले, मार्जिनसरांची नक्कल करून हशा मिळवला, आणि त्या वेळी मला काय सुचलं? मी म्हणाले, "सोमवार जवळ आलाय गं. लिहून टाक."

ती आमच्याच खोलीत बसून लिहायला लागली. सर खुशीत होते. त्यांनी तिला स्वतःची पट्टी दिली, पाणी मागवलं, "घाई करू नकोस, अक्षर छान आहे तुझं," असं कौतुकही केलं. तिने एक इंच मार्जिन आखलं. एकेक आकडा उतरवला. नसलेल्या शेडच्या पायरीपाशी आली तेव्हा पेन जरा थांबलं, मग तोही आकडा उतरला, तिसऱ्या घरापर्यंत. शेवटी "या प्रयोगातून मी काय शिकले" अशी चार ओळींची चौकट असते. तिथे नमुन्यात एक ठरलेलं वाक्य आहे, अचूकतेचं महत्त्व वगैरे. तिने कपाटातल्या फाईलकडे न बघता काहीतरी लिहिलं आणि फाईल सरांपुढे ठेवली.

सरांनी समास मोजला, अनुक्रमणिका बघितली, सही केली. तेवीस गुण दिले. "बघ, जमलं की नाही! मन लावलं की सगळं जमतं," ते म्हणाले. तिने मान डोलावली.

गुणपत्रक बाहेर जायला दुसरी सही लागते, माझी. पहिल्या सहीने केलेली तपासणी मी पुन्हा तपासली, असा तिचा अर्थ. म्हणून फाईल माझ्याकडे आली. मी मात्र ती वाचली, शेवटच्या चौकटीपर्यंत वाचली. चौकटीत दोनच शब्द होते.

"मोजू नये."

ती माझ्यासमोर उभी होती, नजर माझ्या पेनावर. या वर्षी त्रेसष्ट पोरांत खरोखर काही शिकली असेल तर ती एकटी, आणि ते तिला शिकवलं कुणी, तर सरांनी आणि मी. मला स्वतःची किळस आली. मी खाली सही केली आणि तारीख घातली.