काळजाचं तेल

प्रभावतीबाईंचा हात कधी रिकामा नसे. सुरतेत कोसाडच्या सरकारी आवासातल्या त्यांच्या दोन खोल्यांत साड्यांचे गठ्ठे कायम पडलेले आणि बाई भिंतीला टेकून काठांना लेस लावत बसलेल्या. लग्न होऊन भंडाऱ्याकडून सुरतेत आल्या तेव्हापासूनचं हे काम. नवरा गेला, मुलगा सुशांत जवळच्या सचिन गावच्या डाइंग मिलमध्ये लागला, सून आली, पण सुई काही थांबली नाही. मायाही तशीच, न थांबणारी. त्यांनी समोर केलेला घास नको म्हणायची कुणाची टाप नव्हती.

सून प्रज्ञा सुरतेतच वाढलेली, अबोल. गेल्या वर्षी तिला दिवस गेले होते आणि तिसऱ्या महिन्यातच सगळं संपलं होतं. आता पुन्हा दिवस राहिले, तर घरात कुणी मोठ्यानं बोलेनासं झालं. लेसची बंडलं घेऊन येणारी कविता एकदा बोलून गेली, "सुनेला माशाचं तेल द्या ना मावशी. बाळाचं डोकं तल्लख होतं."

झालं. दुसऱ्याच दिवशी बाई अमरोलीच्या बाजारात. तिथे चेतन नावाचा एकजण जिमच्या पोरांना पावडरींचे डबे विकायचा. काही काळजी नको म्हणत त्यानं एक तपकिरी बाटली काढून दिली. "इम्पोर्टेड छे मासी, कंई वांधो नथी."

बाटलीवर रोज एक चमचा असं लिहिलेलं होतं. बाईंनी सकाळी दोन, संध्याकाळी दोन सुरू केले. "नाक दाबून घे बाई. पोटातल्या जिवासाठी घे." प्रज्ञा डोळे मिटून गिळायची आणि लगेच मोरीकडे जायची. उलटी तर या दिवसांत होतेच, असं बाई स्वतःशी म्हणायच्या.

पंधरवडा असा गेला. मग दवाखान्यातल्या तपासणीत डॉक्टरीणबाईंनी सहज विचारलं, आम्ही दिलेल्या गोळ्यांशिवाय आणखी काय घेतेस? प्रज्ञानं सासूकडे पाहिलं. बाईंनी अभिमानानं पिशवीतून बाटली काढली.

डॉक्टरीणबाईंनी ती फिरवून वाचली, झाकण उघडून वास घेतला आणि तोंड वाकडं केलं. "हे कॉड लिव्हर ऑइल आहे. माशाच्या काळजाचं, म्हणजे यकृताचं तेल. ते वेगळं आणि नुसत्या माशाचं तेल वेगळं. काळजाच्या तेलात अ जीवनसत्त्व भरपूर असतं. या महिन्यांत ते फार झालं तर बाळाच्या घडणीत दोष राहू शकतो. किती देत होतात?"

बाईंनी सांगितलं. 

"आजपासून बंद. होईलच असं नाही, पण पाचव्या महिन्यातल्या सोनोग्राफीत नीट बघावं लागेल. शिवाय हे खवट झालंय. यावर बॅच नंबर नाही, तारखेवर दुसरी चिकटपट्टी लावलीये."

बसमध्ये प्रज्ञा खिडकीकडे तोंड करून बसली. सुशांत सकाळी रात्रपाळीहून आला, सगळं ऐकून न्याहारीचं ताट सरकवून आडवा झाला. तो ओरडला असता तर बरं झालं असतं.

त्याच सकाळी बाई चेतनसमोर जाऊन उभ्या राहिल्या. नखानं ती चिकटपट्टी खरवडली. खालची तारीख कधीच उलटून गेली होती.

"तुह्या बहिणीले पाजशील हे? पोटुशी बहीण असती तर पाजलं असतं काय रे?"

"मासी, मैं तो आगे के व्यापारी से लाता हूँ, मेरे को क्या मालूम?" म्हणत त्यानं गल्ल्यात हात घातला. पैसे न घेताच बाई वळल्या. बाटलीतलं तेल गटारात ओतलं तरी वास हाताला राहिला.

सोनोग्राफीपर्यंतचे आठवडे सरता सरेनात. बाई लेस लावायच्या आणि उसवायच्या. टाका वाकडा पडे. पदर नाकाशी धरून प्रज्ञा मोरीकडे निघाली की सुई हातातच थिजायची. विहारातल्या वंदनेला बसल्या तरी ओठ हलत आणि मन मोरीच्या दाराशी.

सोनोग्राफीच्या दिवशी तिथल्या डॉक्टरांनी बराच वेळ पोटावर यंत्र फिरवलं. मग म्हणाले, "बाळ पाठ करून बसलंय. चेहरा दिसत नाही. जरा चालून या."

दवाखान्याच्या लांब पडवीत सासू-सून चालू लागल्या. एका टोकाला जायचं, परत यायचं. तिसऱ्या-चौथ्या फेरीला प्रज्ञा थांबली.

"आई, मी ते तेल रोज ओकून टाकत होते. पहिल्या दिवसापासून. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून सांगितलं नाही."

बाई तिच्याकडे वळल्या. "मले काऊन नाही सांगतलं बाई?"

"तुम्ही विचारलंत कधी? गेल्या वेळेसही सगळ्यांनी मला काय खायचं ते सांगितलं. मला काय वाटतं, कुणी विचारलं नाही."

बाईंनी मान खाली घातली.  सुनेचा हात धरून त्या पुन्हा चालू लागल्या.

आत बोलावलं. या वेळी बाई दाराबाहेरच राहिल्या. दार उघडलं तेव्हा प्रज्ञा रडत होती.

"ठीक आहे आई. ओठ, पाठीचा कणा, हृदय... दिसतं तेवढं सगळं ठीक आहे म्हणाले."

भिंत धरून बाई खालीच बसल्या.

डॉक्टरीणबाईंनी नंतर समजावलं की ताजे लहान मासे आठवड्यातून दोनदा खाल्ले तरी पुरे, मोठ्या माशांत पारा असतो, ते टाळा. मासे चालत नसतील तर त्या नुसत्या माशाच्या तेलाची गोळी लिहून देतील. ती सीलबंद, बॅच नंबर आणि तारीख छापलेली हवी, अ जीवनसत्त्व घातलेलं नको, आणि ठरलेली मात्रा वाढवायची नाही.

मासेच की गोळी, ते सांगायला प्रभावतीबाई तोंड उघडणार होत्या. त्या थबकल्या आणि सुनेकडे वळल्या.

"तुले काय पाहिजे?"

प्रज्ञानं नाक पुसलं. "बोंबील. तळलेले. पण त्या तेलासारखा वास नको."

"माशाले वास नाही येणार तं काय येणार बाई," बाई म्हणाल्या, आणि कितीतरी दिवसांनी दोघी हसल्या.