धुऱ्यावरचे गोटे

आमच्या शेताच्या आणि पलीकडच्या पाटलांच्या शेताच्या मधे जमिनीची एक पट्टी होती. रुंदीला फार नव्हती, एक बैलगाडी वळेल एवढीच. आधी तिथून नाला वाहायचा आणि तोच दोन्ही शेतांचा धुरा, म्हणजे हद्द, धरलेला होता. एका पुरात नाला पाटलांच्या बाजूला सरकला आणि मागं काळीभोर गाळाची जमीन ठेवून गेला. मामाजी, म्हणजे माझे सासरे, म्हणत, धुरा म्हणजे नाला, नाला सरकला की धुरा सरकला. पाटील म्हणत, नाला फिरला असेल, माझी जमीन कुठं फिरली?

मी लग्न होऊन आले तेव्हा ती पट्टी पडीकच होती. इकडं आमची संत्र्याची बाग, तिकडं त्यांची, आणि मधे कमरेएवढं गवत. एवढी सुपीक जमीन, पण कोणी तिथं विळासुद्धा लावत नसे. कारण पट्टीच्या आमच्या काठाला गोट्यांचा एक ढीग होता आणि त्यांच्या काठाला दुसरा. नदीतले गोल, हातात नीट बसतील असे गोटे. मामाजी आणि पाटील दोघंही तरुणपणी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्याच्या गोटमारीत उतरलेले होते, नदीच्या एक या काठानं, एक त्या काठानं, समोरच्यावर गोटे मारत. दोघांच्या कपाळावर एकेक खूण होती आणि ती कोणामुळे झाली हे दोघंही अभिमानानं सांगत. त्यामुळे ढीग दिसायला साधा असला तरी त्याच्यामागचा हात कसा आहे हे दोघांनाही ठाऊक होतं.

गोटा कोणी मारला नाही. माझ्या देखत तर एकही नाही. पण नदीवरून येताना मामाजी दोन-चार गोटे धोतराच्या सोग्यात आणत आणि ढिगावर ठेवत. दुसऱ्या दिवशी पाटलांचा ढीग तेवढाच वाढलेला असे.

तालुक्याच्या मोजणीवाल्याला दोघांनी अर्ज केलेला होता. तो येतो येतो म्हणत होता, तेवढ्यात राज्यंच नव्यानं आखायची ठरली. नागपूर राजधानी राहणार नाही, विदर्भ मुंबईकडे जाणार, आपला सौंसर-पांढुर्णा भोपाळकडे, असं रोज नवीन ऐकू येई. मामाजी म्हणाले, "सरकारलेच आपला धुरा सापडून नाही राहिला, तं आपला कुठून सापडन?"

शेवटी रेघ पडली. माझं माहेर काटोलकडचं, ते मुंबई राज्यात गेलं आणि मी मध्यप्रदेशात राहिले. माहेर तेवढ्याच अंतरावर होतं, बैलही तेच होते, पण माझे बाबा पहिल्यांदा आले तेव्हा दारातूनच म्हणाले, "परराज्यातून आलो बाप्पा, पाणी तरी पाजसान का नाही?"

आमच्या ह्यांना वाचनाची आवड. सौंसरच्या बाजाराला गेले की वर्तमानपत्र आणत आणि ओसरीवर मोठ्यानं वाचून दाखवत. मी दाराआड गहू निवडत ऐकत असे. एकदा त्यांनी अमेरिका आणि रशियाचं वाचलं. दोघांजवळ अणुबॉम्ब आहेत, एकानं टाकला तर दुसरा टाकेल, म्हणून कोणीच टाकत नाही आणि दोघंही आणखी बनवून राहिले.

मामाजी सुपारी कातरता कातरता थांबले. "मंग बरोबर करून राहिले ते. जवळ असला म्हणजे माराची गरज नाही पडत."

सासूबाई आतूनच म्हणाल्या, "आपल्यासारखेच बुढे दिसतात तिकडं बी."

आता माझी गोष्ट सांगते. मला बोलायची फार लाज वाटायची. सासरी येऊन दोन उन्हाळे झाले तरी मी मामाजींसमोर तोंड उघडलेलं नव्हतं, आणि बायकांतही मान हलवण्यापलीकडे माझं काही जात नसे. माझ्याहून धाकटी बहीण मात्र बडबडी. तिच्यापाशी मी खूप बोलत असे. तर पाटलांच्या मधल्या मुलानं तिला आमच्याकडे आलेली असताना पाहिलं, आणि पाटलांच्या बायकोनं, आम्ही त्यांना काकी म्हणत असू, माझ्या सासूबाईंजवळ शब्द टाकला. सासूबाईंना पसंत, काकींना पसंत. मामाजी आणि पाटील धुऱ्यावरून बोलत नसले तरी सोयरिकीला दोघांची ना नव्हती. संत्र्याचा हंगाम संपला की जामसांवळीला मारुतीपुढं बसून माझ्या बाबांसोबत बोलणं पक्कं करायचं ठरलं. पट्टीच्या पलीकडे माझी बहीण राहायला येणार, या विचारानं मी भाकरी थापता थापता हसायची.

तेवढ्यात मामाजी माल घेऊन नागपूरला गेले. सासूबाई याच संधीची वाट पाहून राहिल्या होत्या. मागच्या अंगणात धुणं धुवायच्या जागी गुडघाभर चिखल व्हायचा आणि त्यांना पक्का ओटा पाहिजे होता. मामाजी दरवर्षी पुढच्या वर्षी म्हणत. त्यांनी मोहगावचा गवंडी बोलावला. तो म्हणाला, चुना आहे, रेती आहे, भराव कुठं आहे?

सासूबाईंनी धुऱ्याकडे बोट दाखवलं. "ते गोटे पडून पडून काय करून राहिले? घेऊन ये."

गाडी जुंपून अख्खा ढीग आणला आणि ओट्याच्या पोटात घातला. ओटा सुरेख झाला. कडेला काही गोट्यांची गोल डोकी दिसत राहिली, तीही छान दिसत. आम्ही लगेच लुगडी आपटून पाहिली.

मामाजी परत आले ते सरळ बाग पाहायला गेले आणि तसेच पळत घरी आले. आपला ढीग गायब आणि पाटलांचा दुप्पट! सासूबाईंनी ओटा दाखवला. मामाजी त्याच्याभोवती एक चक्कर मारून खाली बसले.

"तू मायी सारी फौज मोरीत पुरली व!"

"मंग काढा खोदून," सासूबाई म्हणाल्या. "पण आजचं धुणं होऊ द्या आधी."

मामाजींनी घरात सगळ्यांना बजावलं, ओट्याचं बाहेर कोणाजवळ बोलायचं नाही. ढीग मोडून बायकोनं धुण्याचा ओटा केला हे पाटलांना कळलं तर तोंड दाखवायला जागा राहणार नाही. दुसऱ्या दिवसापासून ते धुऱ्यावरून मिशीला पीळ देत, गुणगुणत फिरू लागले, जणू काही तरी मोठं मनात आहे.

तिकडं झालं होतं भलतंच. ढीग दिसेना झाला तेव्हा पाटलांना वाटलं, आम्ही गोटे लपवून ठेवले. समोर असले तर मोजता येतात, लपवले म्हणजे नक्की काही तरी बेत आहे. म्हणून त्यांनी गाडी लावून नदीतून आणखी गोटे आणले. त्यात मामाजी गुणगुणत फिरलेले त्यांनी पाहिले आणि त्यांची खात्रीच पटली. त्यांनी निरोप पाठवला, "गोटे कुठी हायेत ते समजल्याबिगर सोयरिकीचं बोलणं नाही."

मामाजींचं उत्तर गेलं, "माये गोटे, मी कुठी बी ठेवीन."

जामसांवळीला जायचा शनिवार चार दिवसांवर आला होता. बाबा काटोलहून निघणार होते. एका ओट्यापायी बहिणीची सोयरीक मोडते की काय, आणि मला तर सांगायला तोंड नाही. रात्री ह्यांना म्हटलं तर म्हणाले, "मी सांगितलं तं माये बाबा मले घराबाहेर काढतीन."

दुसऱ्या दिवशी दुपारी काकी वाटी घेऊन आल्या. विरजण मागायला. त्यांच्या घरी दोन म्हशी, विरजण कशाला लागतं? सासूबाई शेतात गेल्या होत्या, घरी मी एकटी. विरजण घेऊनही काकी उठेनात. नजर घरभर फिरून राहिली होती, कोठीच्या दाराकडं, माळ्याकडं, गोठ्याकडं.

"सूनबाई," त्या हळूच म्हणाल्या, "खरं सांग. तुये मामाजी रागात हायेत का?"

मी मान हलवली, नाही.

"मंग गोटे कुठी ठेवले वो?"

मामाजींनी बोलायचं नाही म्हणून सांगितलेलं होतं, दाखवायचं नाही असं कुठं म्हटलं होतं? मी काकींचा हात धरला आणि त्यांना मागच्या अंगणात नेलं. ओट्यावर उभं केलं. कडेला दिसणाऱ्या गोल डोक्यांवर बोट ठेवलं.

काकी वाकल्या. एकेका गोट्यावरून हात फिरवत ओट्याच्या टोकापर्यंत गेल्या. मग तिथंच बसल्या आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या.

"अवो माय! आमच्या घरचे तिकडं जागून राहिले, पोराले पहाऱ्यावर बसवून राहिले, अन् तुमी यावर लुगडे धुऊन राहिल्या?"

उठताना त्यांनी टाच आपटून ओटा पक्का आहे का पाहिलं. "गवंडी कुठला होता?"

शनिवारी आम्ही सगळे जामसांवळीला गेलो. दर्शन झालं, झाडाखाली सतरंजी टाकली. मामाजी एका टोकाला, पाटील दुसऱ्या टोकाला, मधे माझे बाबा. काकींनी घरी काय सांगितलं होतं देव जाणे, पण पाटलांची मिशी सारखी थरथरत होती. शेवटी त्यांच्यानं राहवलं नाही.

"काय बुवा, धुणं बरं निघते म्हणतात तुमच्या गोट्यावर."

मामाजींनी आधी सासूबाईंकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी पदर आणखी पुढं ओढला. मला वाटलं, झालं आता. पण मामाजी म्हणाले, "निघते तं. तुमच्याजवळ बी माल पडला हाये. करून टाका एक ओटा."

"अन् तुमी मागून ढीग लावला तं?"

"अन् तुमी अर्धेच गोटे ओट्यात घातले तं?"

यावर बराच वेळ गेला. बाबा म्हणाले, "मी तं परराज्यातला माणूस, मले दोघंबी सारखे. पोरगी द्याची का नाही तेवढं सांगा, मले उजेडात घरी पोहोचाचं हाये." मग असं ठरलं की पाटलांनी ओटा बांधावा, बांधताना मामाजींनी समोर बसावं, आणि दोघांनीही धुऱ्यावर एकेक टोपलं गोटे ठेवावेत. अगदीच काही नसलं तर बरं दिसत नाही, असं दोघांचंही म्हणणं पडलं. पट्टीचं काहीच ठरलं नाही. तो विषय निघाला तेव्हा दोघं पुन्हा नाला फिरला की जमीन फिरली यावर आले, आणि सासूबाईंनी मधेच प्रसाद वाटायला घेतला.

लग्न त्याच उन्हाळ्यात झालं. सासरी आल्यावर दुसऱ्याच दिवशी सकाळी माझी बहीण पट्टीच्या पलीकडे येऊन उभी राहिली आणि तिथूनच "ताई वो!" करून ओरडली. मी चुलीवरचा तवा तसाच ठेवून धावले. ती गवत तुडवत अर्ध्यावर आली होती. तिच्या मागून पाटलांचा आवाज आला, "सूनबाई, खुशाल चाल. ते आपलं हाये."

इकडून मामाजी ओरडले, "येऊ द्या कशीबी! पाय ठेवल्यानं जमीन तुमची नाही होत."

ती थांबली. एकदा मागं पाहिलं, एकदा पुढं, आणि मग तिथंच गवतात फतकल मारून बसली. मीही जाऊन तिच्याशेजारी बसले. दोन्ही बाजूंनी बोलणं चालूच होतं. आमचंही.