सरपंचबाईंचा बाक

आमच्या अंबडच्या कारखान्यात लाकूड-प्लास्टिकचा कचरा साठतो, त्याहून जास्त किस्से साठतात! कचरा दळून, तापवून, प्रेसखाली दाबून त्याच्या निदान फळ्या तरी होतात. किश्श्यांचं काय करणार? सांगत सुटायचं!

ग्राइंडरवर आमचा दत्तूभाऊ. तुटकी पॅलेट, द्राक्षांचे फुटके क्रेट, दाराशी जे पडेल त्याचा भुगा करणार. एकदा मालकीण मीनाताईंची नवीकोरी खुर्ची पुसायला दाराशी ठेवली होती. सीट प्लास्टिकची, पाय लाकडी. गेली!

"लाकूड बी हाय, प्लास्टिक बी हाय. मला वाटलं, आपलाच माल!"

तेव्हापासून ऑफिसात सगळ्या खुर्च्या लोखंडी आहेत.

मीही काही कमी नाही. थंडीत डबा गरम राहावा म्हणून प्रेसच्या कडेला ठेवला. झाकण प्लास्टिकचं! जेवायला गेलो तर भाजीवर निळा थर. ताई म्हणाल्या, "टाकू नका, दत्तूला द्या. फळीला रंग छान येईल!"

इंदिरानगरचे एक गृहस्थ गच्चीसाठी फळ्या बघायला आले. खरवडलं, ठोकलं, वास घेतला. "नक्की काय आहे हे? लाकूड की प्लास्टिक?"

ताई शांतपणे म्हणाल्या, "पावसात ठेवलंत तर प्लास्टिक, खिळा ठोकलात तर लाकूड!" तिथल्या तिथे सौदा पक्का.

पण खरी कसोटी हरसूलकडच्या सरपंचबाईंची. शाळेच्या बाकांची मोठी ऑर्डर होती. मिळाली तर रात्रपाळी चालू राहणार, नाहीतर ती माणसं घरी. बाई फोनवर स्पष्ट बोलल्या होत्या, "बाक मोडला की कचरा आमच्याच गावात पडणार ना? मग तुमचा बाक आम्हाला नको!" ताईंनी कसंबसं त्यांना नमुना बघायला बोलावलं.

सगळ्यांनी मिळून झकास बाक केला. बाई येणार त्या सकाळी मी तो धुतला आणि वाळायला दाराशी ठेवला.

बाई आल्या. चहा झाला. ताई त्यांना घेऊन दाराशी गेल्या, तर जागा रिकामी!

"दत्तूभाऊ, बाक कुठंय?" ताई ग्राइंडरकडे धावल्या.

दत्तूभाऊनं माझ्याकडे पाहिलं, ताईंकडे पाहिलं. मग प्रेस उघडला आणि वाफाळती, गुळगुळीत फळी सरपंचबाईंपुढे सरकवली.

"सकाळचा बाक ह्योच हाय, बाई. मोडला तर आमच्याकडं धाडा, कचरा न्हाय, पुन्हा फळीच! बसा, पण जरा निवू द्या!"