चार आवाजांचे मास्तर

एकसुरात गाणाऱ्या माणसांचा आमच्या मास्तरांना राग यायचा. कुरुंद्यात भजन म्हणजे एकाने ओळ सोडायची आणि बाकीच्यांनी ती तशीच्या तशी उचलायची. तेव्हा मास्तरांचा राग सगळ्या गावावरच होता म्हणायला हरकत नाही.

हे खूळ त्यांच्या डोक्यात शिरलं ते एका विद्यार्थिनीमुळे. ती नर्स म्हणून फिनलंडला गेली आणि तिकडच्या एका मोठ्या संगीतकाराची समूहगीतं तिने मास्तरांना पाठवली. फिनिश कवितांना त्याने पुरुषांच्या चार आवाजांत, म्हणजे एकाच वेळी चार वेगळ्या सुरांत, चाली दिल्या होत्या. निवृत्त झालेले मास्तर महिनाभर ती कानाला लावून बसले. मग भजनी मंडळाच्या आम्हा अकरा जणांना त्यांनी माझ्या हळदीच्या रिकाम्या गोदामात उभं केलं. तळ्यापलीकडून घराला हाक मारणाऱ्या माणसाची कविता त्यांनी निवडली होती.

फिनिश शब्द त्यांनी देवनागरीत फळ्यावर लिहिले. आमची ढोलकी वाजवणारे रहीमचाचा पेशाने शिंपी. त्यांनी पहिला लांबलचक शब्द डोळ्यांनीच मापला. "एवढ्या शब्दात तर लहान्या लेकराचा सदरा बसते, मास्तर."

खरी अडचण शब्दांची नव्हती. चार आवाजांच्या चार ओळी वेगवेगळ्या निघायच्या आणि तिसऱ्या कडव्यात सगळे मास्तरांच्या आवाजाला येऊन मिळायचे. सर्वांत वरची ओळ दोघांना सोबत घेऊन ते स्वतः गात, आणि म्होरक्याला सोडून गाणं आम्हाला उद्धटपणाचं वाटे. शेवटी त्यांनी आम्हाला चार कोपऱ्यांत भिंतीकडे तोंड करून उभं केलं. ही शिक्षा आम्ही त्यांच्याच वर्गात भोगली होती, आता पन्नाशीत परत भोगली. "शेजाऱ्याचं ऐका," ते म्हणत, "पण त्याच्या घरात राह्यला जाऊ नका."

मग मास्तरांचे गुडघे गेले आणि मुलीने त्यांना पुण्याला न्यायचं ठरवलं. त्यांनी दिवाळीपर्यंत मुदत मागून घेतली. चारी आवाज एकदा शेवटपर्यंत वेगळे ऐकले की खुशाल येतो, असं तिला सांगितलं. दिवाळी आली, आमचं तिसरं कडवं होतं तिथंच. त्या दिवसांत मला त्यांचा फार राग यायचा आणि तेवढीच माया वाटायची.

निघायच्या आदल्या दुपारी पुन्हा गायलो. तिसरं कडवं आलं आणि गेलं, कुणी जागचं हललं नाही. शेवटच्या ओळीत घराला हाक होती. तिथे मास्तरच वरून घसरत थेट आमच्या खालच्या सुरात आले. पण वरच्या ओळीतले दोघं तिथंच राहिले, बाकीचेही आपापल्या ओळीत राहिले आणि गाणं संपलं. मास्तर घसरल्याचा विषय कुणी काढला नाही. "जमलं, मास्तर," हे मात्र सगळ्यांनी एकसुरात सांगितलं.

सकाळी गाडी सुटताना त्यांनी काच खाली केली.

"काल मी घसरलो, मला कळलं," ते म्हणाले. "पण तुमी कुणीच माझ्यामागं आला न्हाई. आता मी गेलो तरी चालते."